संच पूर्ण कधी होतो?

मागच्या वेळी आपण मालकी या कल्पनेबद्दल बोललो. आज त्याच धाग्याचं एक टोक पकडू. विषय ऐकून काही जण हसतील: दूरचित्रवाणी मालिकांचे बॉक्स सेट जमवणं. डीव्हीडी किंवा ब्लू-रे तबकड्यांचे खोके, त्यांच्यावरचे सेल, त्यांची बदलत जाणारी वेष्टनं. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात काय बघायचं? आम्हांला वाटतं, बरंच काही. इथे वस्तू, तिचं वेष्टन, तिची किंमत आणि तिच्यातली कलाकृती या चार गोष्टी एकमेकींपासून सुटताना अगदी उघड्या डोळ्यांनी दिसतात.

हा छंद मूळचा आपला नाही, तो अमेरिका आणि ब्रिटनचा. तिथे राहणारे आपले भाचे-पुतणे येताना एखादा खोका घेऊन येत, आणि तो इथल्या प्लेअरवर चालत नसे. जगाचे विभाग पाडून ठेवलेले होते. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १, ब्रिटन विभाग २, आपण विभाग ५. पैसे मोजले, वस्तू हातात आली, तरी ती कुठे बघायची हे विकणाराच ठरवणार. मालकीला असाही एक कोपरा असतो, हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळलं.

सुरुवात किमतीपासून करू. २००० साली ‘द एक्स-फाइल्स’चा पहिला सीझन डीव्हीडीवर आला. २४ भाग, ७ तबकड्या, छापील किंमत १५० डॉलरच्या आसपास. पूर्ण सीझन एका खोक्यात मिळणं ही तेव्हा नवलाई होती. लोकांनी घेतला. पुढे तीच मालिका बारीक, हलक्या वेष्टनात कितीतरी स्वस्त आली. आता ज्याने आधीचे जाड खोके घेतले आणि मध्येच थांबला, त्याने उरलेले सीझन कोणत्या वेष्टनात घ्यायचे? स्वस्तातले घेतले तर कपाटात अर्धी रांग जाड आणि अर्धी बारीक. तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडतं? भाग तर तेच आहेत ना? बरोबर. पण मग हा प्रश्न इतक्या लोकांना का छळतो, याचं उत्तर द्यायला हवं. ‘वेड’ म्हणून तो झटकणं सोपं आहे, पण झटकणं म्हणजे समीक्षा नव्हे.

इथे आपल्या नैयायिकांची मदत घेऊ. न्यायदर्शनात अवयव आणि अवयवी असा भेद आहे. कपालांपासून घट होतो, पण घट म्हणजे नुसती कपालांची बेरीज नाही. तो वेगळा पदार्थ आहे आणि तो अवयवांत समवायाने राहतो. बौद्ध म्हणतात, असं काही नाही. रथ म्हणजे चाकं, आस, दांडी यांना व्यवहारासाठी दिलेलं नाव. मिलिंदप्रश्नातला तो रथ आपल्याला माहीत आहेच. आता विचारा: बॉक्स सेट हा घट की धान्याची रास? संच की ढीग?

आमचं म्हणणं असं की इथे दोन संच आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक कथेचा संच. मालिका सुरू होते, वाढते, संपते. तिचे भाग एकमेकांना धरून असतात. हा खरा अवयवी. दुसरा वेष्टनाचा संच: एकाच उंचीचे खोके, कण्यावर एकाच वळणाची अक्षरं, शेजारी शेजारी लावले की जुळणारं चित्र. कथेचा संच पूर्ण होऊ शकतो, कारण मालिका संपलेली असते. वेष्टनाचा संच पूर्ण होणं मात्र विक्रेत्याच्या हातात असतं. त्याने कण्यावरची अक्षरं बदलली की तुमचा पूर्ण झालेला संच एका रात्रीत अपुरा होतो. तुमच्याकडचं काहीही हरवलेलं नाही, तरी उणीव निर्माण झाली. उणीव निर्माण करणं हाच या व्यापाराचा खरा माल आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पण ग्राहकाला एकट्याला दोष देणंही बरोबर नाही हं. प्रकाशक जेव्हा पहिला खंड विशिष्ट आकारात काढतो आणि त्यावर ‘१’ छापतो, तेव्हा तो एक वचन देत असतो. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे विश्वकोश, संस्कृतिकोश असे बहुखंडी प्रकल्प लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहत, प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरत घेतले. खंड एकसारखे दिसावेत या अपेक्षेत हौस असते, आणि काम शेवटपर्यंत निष्ठेने केलं जाईल हा विश्वासही असतो. मध्येच वेष्टन बदलणं म्हणजे त्या विश्वासाला दिलेला छोटासा धक्का. तो लहान आहे, पण खरा आहे.

आता एक उदाहरण जरा निवांत बघू. ब्रिटनची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली आणि १९८९पर्यंत तिचे २६ सीझन झाले. (२००५पासून ती पुन्हा सुरू झाली, तो भाग वेगळा.) या जुन्या सीझनचे ब्लू-रे संच २०१८पासून ‘द कलेक्शन’ या नावाने येऊ लागले. पहिला आला तो बारावा सीझन! म्हणजे क्रमाने नाही. कधी हा, कधी तो. प्रत्येक संच आधी मर्यादित आवृत्तीत, देखण्या खोक्यात. तो संपला की जुन्या बाजारात त्याची किंमत चढते. मग काही काळाने तोच मजकूर साध्या वेष्टनात पुन्हा येतो.

याची रचना नीट बघा. एरवी तबकड्यांच्या बाजारात जो थांबतो तो जिंकतो; आज महाग, उद्या सेलमध्ये निम्म्याला. मर्यादित आवृत्तीने हे घड्याळ उलटं फिरवलं. इथे जो थांबतो तो चुकतो. आणि क्रम विस्कटलेला असल्यामुळे फळीवर कायम मोकळ्या जागा राहतात: एक सीझन आहे, त्याच्या पुढचा नाही. प्रत्येक मोकळी जागा पुढच्या खरेदीची आठवण करून देते. साधी आवृत्ती नंतर येणार हे माहीत असूनही लोक घाई करतात, कारण साधी आवृत्ती कथेचा संच पुरा करते, वेष्टनाचा नाही. विक्रीची युक्ती म्हणून हे हुशार आहे. नैतिक दृष्ट्या आम्हांला ते खटकतं, कारण यात माणसाच्या प्रेमाचं रूपांतर पद्धतशीरपणे धास्तीत केलं जातं.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान सोपं झालं असतं. बाजार वाईट, संग्राहक भोळा, अपरिग्रह श्रेष्ठ, टाळ्या, चहा. पण याच मालिकेचा इतिहास आपल्याला तसं म्हणू देत नाही.

१९६० आणि ७०च्या दशकांत बीबीसीने स्वतःच्या कार्यक्रमांच्या असंख्य टेप पुसल्या. टेप महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या, आणि जुना कार्यक्रम परत कोण बघणार असा समज होता. ‘डॉक्टर हू’चे शंभराच्या आसपास भाग त्यात चित्ररूपाने गेले. तरीही हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कसा? घरोघरच्या प्रेक्षकांनी, त्यांतली काही तर शाळकरी मुलं होती, दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता म्हणून. काही भाग परदेशी पाठवलेल्या फिल्म-प्रतींतून परत मिळाले. २०१३ साली जाहीर झालेले नऊ भाग नायजेरियात सापडले होते. म्हणजे अधिकृत मालकाने जे टाकून दिलं, ते जपलं कोणी, तर ज्यांना काही अधिकार नव्हता त्यांनी. ज्याला आपण परिग्रह म्हणून नाक मुरडणार होतो, त्यानेच कलाकृती वाचवली.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर अलीकडचं बघा. नोव्हेंबर २०२३मध्ये मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त बीबीसीने आपल्या ऑनलाइन सेवेवर तिचे ८००हून अधिक भाग खुले केले. त्यात नव्हती ती नेमकी सर्वांत पहिली कथा! चार भागांची ती कथा हक्कांच्या वादामुळे बाहेर राहिली. इमारत उभी, आणि पायरीच नाही. पण ज्याच्याकडे २००६चा डीव्हीडी संच होता, त्याच्याकडे ती कथा होती. त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही.

स्ट्रीमिंगची गोष्टच वेगळी आहे. तिथे आपण वस्तू घेत नाही, परवानगी घेतो. ‘वेस्टवर्ल्ड’ डिसेंबर २०२२मध्ये, ज्या कंपनीने ती बनवली तिच्याच सेवेवरून काढली गेली. ‘विलो’ ही मालिका २०२२च्या अखेरीस आली आणि मे २०२३मध्ये गेली. सहा महिन्यांचं आयुष्य! नाटकाचा प्रयोग संपतो, तिथे संपणं हा त्या कलेचा धर्म आहे. इथे संपणं हा हिशेबाचा भाग आहे.

आणि जे राहतं, ते तरी तसंच राहतं का? ‘साइनफेल्ड’ २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती रुंद चौकटीत. मूळ चित्र चौकोनी ठेवणीचं, तेव्हा वरचा-खालचा भाग कापला गेला. मालिकेत रस्त्यावरच्या खड्ड्याच्या नावाचाच एक भाग आहे, आणि त्यातला तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. पात्र बोट दाखवतंय, प्रेक्षक बघतोय, खड्डा नाही. आपल्या नगरपालिकांना हे तंत्र जरूर शिकवावं. पण गंमत सोडा. चौकट हा कलाकृतीचा अवयव आहे. ती कापली तर जुनी तबकडी हाच मूळ पाठ उरतो, पोथीच्या विश्वासार्ह प्रतीसारखा.

अर्थात तबकडीही निर्दोष नाही. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ या मालिकेत गाण्यांना फार महत्त्व. अमेरिकेत तिच्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडीत मूळ संगीत होतं, पण संगीताच्या हक्कांमुळे किंमत जास्त होती. पुढच्या सीझनमध्ये किंमत खाली आली, आणि बरंचसं मूळ संगीत काढून तिथे कुठलंही चालेल असं संगीत घातलं गेलं. आता सांगा, ही सवलत होती का? किंमत कमी झाली की वस्तू कमी झाली? सेलच्या पाटीवर हे कधीच लिहिलेलं नसतं.

उलट उदाहरणही न्यायाने सांगायला हवं. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे १७८ भाग २०१२ ते २०१४ या काळात ब्लू-रेवर आले. मूळ मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचं संकलन व्हिडिओ टेपवर झालं होतं. नव्या आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्ह पुन्हा काढून, स्कॅन करून, सगळं संकलन नव्याने केलं गेलं, आणि तेही मूळ चौकट कायम ठेवून. ही खरी नवी आवृत्ती. ती पुन्हा विकत घेणाऱ्याला कोणी फसला म्हणू नये.

तेव्हा निकष काय? आम्हांला तीन सुचतात. पहिला: आतला पाठ मूळ प्रसारणाशी प्रामाणिक आहे का, म्हणजे लांबी, संगीत, चौकट? दुसरा: नव्या आवृत्तीत पाठ सुधारला आहे की फक्त पुठ्ठा बदलला आहे? तिसरा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: हा संच कोणाला बघायला दिला जाणार आहे का? प्लास्टिकचं आवरणही न फाडता फळीवर ठेवलेला संच कथेचा संच नाहीच, तो निव्वळ वेष्टनाचा आहे. वॉल्टर बेन्यामिनने १९३१ साली, आपली पुस्तकं खोक्यांतून बाहेर काढण्यावर लिहिताना, संग्राहकाचं वस्तूशी असलेलं नातं किती आतलं असतं ते फार मायेने मांडलं. ते आम्ही मानतो. फक्त एवढीच भर घालू की संग्रह आणि परिग्रह यांतली सीमा दाराशी आहे. वस्तू दाराबाहेर जाऊन परत येत असेल तर तो संग्रह.

शेवटी आपल्याकडे वळू. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, चित्रपट घरोघर गेले. स्वस्ताई झाली, पण जपण्याची सवय त्यातून फारशी लागली नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्यावर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिले, ती पिढी आता आमच्या वयाची किंवा पुढची आहे. चिं. वि. जोशींची पुस्तकं कपाटात असलेली घरं आपण दाखवू शकतो. ‘चिमणराव’ मालिकेचे सगळे भाग ओळीने कपाटात असलेलं एक तरी घर आपल्याला दाखवता येईल का? ब्रिटनमधला संग्राहक कण्यावरच्या अक्षरांवरून भांडतो आहे, आणि आपल्यापाशी भांडायला खोकाच नाही. त्याला हसण्याआधी एवढं लक्षात घेऊ.

म्हणून एक विनंती. घरात दूरदर्शनच्या काळातल्या मुद्रित टेप असतील, कोणा मामा-काकांनी रविवारी सकाळी लावून ठेवलेल्या, तर त्या रद्दीत देऊ नका. टेप बुरशी धरते, चालवायची यंत्रं दुर्मिळ होत आहेत, म्हणून लवकर हालचाल करा; एखाद्या संग्रहालयाशी, चांगल्या ग्रंथालयाशी बोला. खोका देखणा नसला तरी चालेल. वर पेनाने तारीख लिहिलेली असली तरी पुरे.

आज इथे थांबू. अवयवी आणि राशी यांतला भेद आपण जरा घाईने मांडला, त्यावर प्रश्न असतील तर आधी ते घेऊ.