स्वयंगती अध्ययन आणि गणितातील ‘बरोबर उत्तर’

विद्यार्थ्याने आपल्या गतीने शिकावे हे तत्त्व आज संगणकाच्या खात्यावर जमा झाले असले, तरी त्याची पद्धतशीर मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६८ मध्येच ‘गुड-बाय, टीचर...’ या लेखात केली होती. अभ्यासक्रमाचे लहान घटक, एका घटकावर प्रभुत्व आल्याखेरीज पुढच्यात प्रवेश नाही आणि अपयशाला दंड नाही, असे तिचे स्वरूप होते. शीर्षकामुळे शिक्षकाची गरज संपल्याचा समज पसरला. वस्तुतः या योजनेचा कणा होता ‘प्रॉक्टर’, म्हणजे तो विषय आधी आत्मसात केलेला विद्यार्थी. तो चाचणी समोरासमोर तपासे आणि उत्तराचे समर्थन करण्याची संधी देई.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘मॅथ एम्पोरियम’ सुरू केले. पूर्वीच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत शेकडो संगणक मांडले गेले. अडलेला विद्यार्थी संगणकावर लाल पेला ठेवून मदतनिसाला बोलावी. या व्यवस्थेतील हा पेला मला सर्वांत बोलका वाटतो. पण आपण अडलो आहोत हे ज्याला कळले, तोच पेला ठेवणार!

प्रथम वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने क्ष १ कडे जात असता (क्ष² − १)/(क्ष − १) ची सीमा २ अशी अचूक काढली. संगणकीय चाचणीत तिला पूर्ण गुण मिळाले. ‘क्ष = १ असता छेद शून्य होतो; मग (क्ष − १) कसे छाटले?’ या प्रश्नावर मात्र ती गप्प झाली. सीमेची संकल्पना नेमकी त्याच पायरीत आहे, आणि चाचणी केवळ उत्तर पाहत होती. अर्थात, हे व्याख्यानपद्धतीचे समर्थन नव्हे. फळ्यावर तीच पायरी न बोलता ओलांडणारे आपणच असतो, आणि त्यात प्रस्तुत लेखकही आला.

केलर यांच्या मांडणीतून आपण गती उचलली, तपासणारा माणूस वगळला. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रॉक्टर नेमणे आपल्या महाविद्यालयांत अशक्य नाही. मात्र त्यांच्या तासांची नोंद कार्यभारात कुठे करायची, हे आधी ठरवावे लागेल.

चार दिवसांनी ती विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, ‘सर, क्ष १ च्या जवळ जातो, पण १ होत नाही, म्हणून छाटता येते.’ तोवर वर्ग दोन घटक पुढे गेला होता.