धातूंचे यश, अर्धवाहकांच्या खात्यावर

इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन'वरील लोकप्रिय लेखांत एक ठराविक क्रम आढळतो. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो. एका दिशेने फिरला तर १, उलट फिरला तर ०. हार्ड डिस्क यावरच चालते. आता ट्रान्झिस्टरही यावरच चालणार! किन्हवलीच्या एखाद्या वर्गात असा लेख वाचून दाखवला, तर मुलांच्या मनात दोन गैरसमज पक्के होतील, असे आम्हाला वाटते.

पहिला भोवऱ्याचा. इलेक्ट्रॉन हा फिरणारा सूक्ष्म गोळा मानून गणित केले, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त निघतो. म्हणून स्पिन हा वस्तुमान व विद्युतप्रभार यांसारखा अंगभूत गुणधर्म आहे आणि ठरवलेल्या दिशेने तो मोजला की दोनच उत्तरे मिळतात, एवढेच सांगावे.

दुसरा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. १९८८ साली फेर आणि ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेला परिणाम लोह व क्रोमियम या धातूंच्या अतिपातळ थरांतला होता. १९९७ साली त्यावर आधारलेले वाचनशीर्ष हार्ड डिस्कमध्ये आले आणि २००७ साली शोधाला नोबेल मिळाले. पुढे पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झालेले अश्विन तुळापूरकर व त्यांचे जपानमधील सहकारी यांनी २००५ साली 'नेचर'मध्ये वर्णन केलेला स्पिन-डायोड पाहा. दोन चुंबकीय थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर. त्याला उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला, की एकदिश विद्युतदाब मिळतो. बारावीच्या पुस्तकातील पी-एन संधी यात कुठेच नाही!

अर्धवाहकातील स्पिन-ट्रान्झिस्टरची कल्पना दत्ता व दास यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून १९९० साली मांडली. एका चुंबकीय टोकातून ठराविक स्पिनचे इलेक्ट्रॉन सोडायचे, वाटेत विद्युतदाबाने स्पिनची दिशा वळवायची आणि दुसऱ्या चुंबकीय टोकाशी ती ओळखायची. अडचण पहिल्याच पायरीवर येते. धातूपेक्षा अर्धवाहकाचा रोध खूपच जास्त असल्याने सीमेवरच स्पिनची निवड जवळजवळ नाहीशी होते. मध्ये पातळ निरोधक थर घालून यावर उपाय होतो. पुढची अडचण मात्र मुळातली आहे. सिलिकॉनमध्ये स्पिन बराच काळ टिकतो, पण विद्युतदाबाला फारसा दाद देत नाही. इंडियम आर्सेनाइडमध्ये तो सहज वळतो, पण लवकर विस्कटतो. कारण एकच : स्पिनचे इलेक्ट्रॉनच्या गतीशी असलेले नाते. ते घट्ट असेल, तर प्रत्येक टकरीबरोबर दिशा बदलते. २००९ साली कोरियातील संशोधकांनी असे नियंत्रण दाखवले, पण अतिशय कमी तापमानाला. रोजच्या संगणकाचा प्रोसेसर आजही विद्युतप्रभारावरच चालतो.

धातूंचे यश अर्धवाहकांच्या खात्यावर मांडले, की हे काम संपले असे विद्यार्थ्याला वाटते. खरे तर त्याच्यासाठी शिल्लक असलेले काम इथेच आहे. म्हणून असा लेख हाती आला, की शिक्षकांनी मुलांना चार प्रश्न विचारायला लावावेत : पदार्थ कोणता? तापमान किती? स्पिन किती काळ टिकला? तो वाचला कसा? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.