घड्याळ पैसे खात नाही

स्टीफन किंगच्या 'द लाँग वॉक' या कादंबरीत शंभर पोरं चालायला लागतात आणि शेवटी एक उरतो. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजारांच्या वर अर्ज आले होते. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढून भागाकार करा. एका जागेमागे शंभरापेक्षा थोडे जास्त.

हा निव्वळ योगायोग आहे. किंगने आपलं भविष्य लिहून ठेवलं होतं, असलं काही मला म्हणायचं नाही. भरतीत मागे पडलेल्याला कोणी गोळी घालत नाही. तरी गोंडपिपरीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ही कादंबरी वाचताना 'बापरे, असं खरंच झालं तर?' असं वाटत नाही. वाटतं, हे पोट्टे आपल्या ओळखीचे आहेत. ही ओळख नेमकी कशी पटते, ते शोधायचा हा प्रयत्न आहे.

आधी गोष्ट. किंगने ही कादंबरी कॉलेजच्या पहिल्या वर्षात, १९६६-६७ मध्ये लिहिली. ती छापून आली १९७९ मध्ये, रिचर्ड बाकमन या टोपणनावाने. नियम साधे आहेत. ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर वेगाने चालत राहायचं. वेग कमी झाला की ताकीद. अशा तीन ताकिदी मिळतात, त्यानंतर गोळी. झोप नाही, थांबा नाही, अंतिम रेषा नाही. शेवटचा उरेल त्याला आयुष्यभर हवं ते मिळेल. छातीवर नंबर लावलेला सोळा वर्षांचा रे गॅरटी आपला नायक, नंबर ४७. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही सगळी पोरं स्वतः अर्ज करून आलेली आहेत.

जीवघेण्या स्पर्धांच्या गोष्टींचे मला दोन गट दिसतात. पहिल्या गटात पोरांना पकडून आणतात. कौशुन ताकामीच्या 'बॅटल रोयाल'मध्ये (१९९९) अख्खा वर्ग सहलीच्या बसमधून बेटावर नेला जातो. सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) चिठ्ठी निघते, आणि गरिबाच्या पोराने जास्तीचं धान्य घेतलं असेल तर त्याच्या नावाच्या चिठ्ठ्याही जास्त असतात. अन्याय डोळ्यांना दिसतो. आपण चिडतो, नायिकेच्या बाजूने उभे राहतो आणि पुस्तक मिटताना आपण चांगले आहोत असं वाटून जरा बरंही वाटतं.

दुसऱ्या गटात लोक सही करून येतात. 'लाँग वॉक' या गटातली. २०२१ ची कोरियन मालिका 'स्क्विड गेम'ही यातलीच. तिचा दुसरा भाग आठवा. पहिल्या खेळात निम्म्याहून जास्त मेल्यावर उरलेले मतदान करतात आणि खेळ बंद पाडून घरी जातात. घरी कर्ज तसंच, आईचं आजारपण तसंच. मग बहुतेक जण आपापल्या पायांनी परत येतात. माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सर्वांत भयानक गोष्ट हीच आहे, आणि तिच्यात रक्ताचा एक थेंब नाही.

त्याच मालिकेच्या पाचव्या भागात एक डॉक्टर खेळाडू पहारेकऱ्यांशी संगनमत करून पुढच्या खेळाची माहिती आधीच मिळवत असतो. पकडल्यावर त्याला आणि त्या पहारेकऱ्यांना ठार केलं जातं. कारण काय, तर बाहेरच्या जगात यांना कधी समान संधी मिळाली नाही, इथे तरी ती मिळाली पाहिजे. खुनी माणूस समानतेची बाजू मांडतो आणि ती ऐकताना आपण नकळत मान डोलावतो. भीती वाटायला हवी ती या मान डोलावण्याची.

आता गोंडपिपरी. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. वैनगंगा ओलांडली की आष्टी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. धान, कापूस, तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि बारावीनंतर काय हा प्रश्न. इथली पोरं 'भरती मारतात'. शारीरिक चाचणीला कोणी शारीरिक चाचणी म्हणत नाही, 'ग्राउंड' म्हणतात. 'सोळाशे' म्हणजे १६०० मीटर. ते ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर २० पैकी २० गुण. पुढे सेकंद वाढतात तसे गुण गळतात. पोरींना ८०० मीटर. शिवाय शंभर मीटर आणि गोळा, असं मिळून ५० गुणांचं ग्राउंड. एसआरपीएफला जायचं तर पाच किलोमीटर.

पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या कोणालाही विचारा, भरतीच का? पगार, वर्दी, घरची परिस्थिती ही उत्तरं येतातच. पण एक उत्तर वेगळं असतं. घड्याळ पैसे खात नाही. ते आडनाव विचारत नाही, कोणाची चिठ्ठी आणली ते बघत नाही. बाकी परीक्षांचे पेपर फुटल्याच्या बातम्या वाचत मोठी झालेली ही पिढी आहे. तिला ग्राउंड आवडतं, कारण तिथे आपलं आपल्याला कळतं.

'लाँग वॉक' इथे वाचली की तिचा वेगळा अर्थ निघतो, तो असा. या गोष्टींमधली खरी दहशत मृत्यूत नाही. गरिबाच्या पोरासमोर जे एकच प्रामाणिक दार उघडं ठेवलं आहे, त्याची किंमत त्याने शरीराने मोजायची, यात ती आहे. स्पर्धा खोटी असती तर तिला नाकारता आलं असतं. ती खरी आहे, म्हणून तिच्यावर प्रेम बसतं. आणि एवढ्या लोकांसाठी दार एकच का, हे विचारायचं राहून जातं.

२०१४ चा उन्हाळा आठवा. ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे दिवसा पट आणि रात्री नाटक, त्यामुळे गावोगावी हळहळ झाली. बैल स्वतःहून धावत नाही, त्याला धावायला भाग पाडतात, हा त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात, जूनच्या उकाड्यात, मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना किमान चार तरुण गेले. त्यानंतर सरकारने अंतर तीन किलोमीटर केलं, पुढे ते १६०० मीटरवर आलं. दोन्ही बातम्या मी शेजारी ठेवतो तेव्हा एकच फरक दिसतो. बैलाने फॉर्म भरला नव्हता. पोरांनी भरला होता.

दहा वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या ५८३ जागांसाठी पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर धावायचं होतं. किमान बारा उमेदवारांचा जीव गेला. तिथेही सगळे स्वतःहून आले होते.

किंगला हे 'स्वतःहून' फार छान कळलं आहे. गॅरटीला कोणी विचारलं, तू का आलास, तर त्याला धड उत्तर देता येत नाही. कोणालाच येत नाही. चालता चालता ही पोरं एकमेकांचे मित्र होतात. मॅकव्रीज गॅरटीला वाचवतो, तेव्हा तो स्वतःचीच जिंकण्याची शक्यता कमी करत असतो. सोळाशेची प्रॅक्टिस पाहिलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. ज्याचं टायमिंग चांगलं तो मागच्याला ओढत नेतो, उद्या दोघं एकाच यादीत एकाच जागेसाठी असणार हे माहीत असूनही.

पण कादंबरी काही ठिकाणी तोकडी पडते. तिच्यातल्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत, आई म्हणून नाहीतर प्रेयसी म्हणून. आमच्याकडे पोरीही धावतात, आणि त्यांना आधी घरातून निघण्याची शर्यत जिंकावी लागते. दुसरं म्हणजे किंगची गर्दी. टाळ्या पिटणारी, मरण बघायला आलेली. खऱ्या आयुष्यात एवढे प्रेक्षक कुठे असतात? ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ सकाळी व्यायाम करणाऱ्या सहा मुलांना ट्रकने उडवलं. चौघं गेली. किंगच्या राज्यात स्पर्धेसाठी निदान रस्ता तरी मोकळा ठेवतात. तालुक्याच्या गावातल्या पोरांना धावायला मैदान नसतं, म्हणून ती हायवेवर येतात. बघणारं कोणी नसतं.

२०२५ मध्ये फ्रान्सिस लॉरेन्सने या कादंबरीवर सिनेमा केला. (पुढे शेवट सांगतोय, सिनेमा बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) सिनेमात शंभराची पन्नास पोरं झाली आहेत, वेगही कमी केला आहे, ते चालतं. शेवट मात्र बदलला आहे. जिंकलेला मुलगा बक्षीस म्हणून बंदूक मागतो आणि स्पर्धा चालवणाऱ्या मेजरला गोळी घालतो. थिएटरमध्ये टाळ्या पडाव्यात असा शेवट. मला तो पुस्तकापेक्षा कमजोर वाटला. पुस्तकात गॅरटी जिंकतो, पण त्याला ते कळतच नाही. पुढे कोणीतरी काळी आकृती दिसते आणि तो तिच्या दिशेने पळत सुटतो. सिनेमाने आपल्याला एक खलनायक मारून दिला आणि सुटका केली. पुस्तक सुटका करत नाही, कारण मेजर मेला तरी अर्ज करणारी पोरं संपत नाहीत.

भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ ही वयाची मर्यादा. यादीत नाव आलं नाही तर पोरं म्हणतात, 'पुढच्या टायमाले पाहू', आणि बूट धुऊन वाळत घालतात. किंगच्या पोरांना तीन ताकिदी मिळतात. आमच्या पोरांना वर्षं मिळतात, आणि तीही मोजलेली असतात.