किल्लारीचे पुनर्वसन आणि न्यायाची मोजपट्टी

मोठी नैसर्गिक आपत्ती कोसळली म्हणजे तिच्या मागोमाग दोन प्रकारचे वाङ्मय जन्मास येते. एक तत्त्वचिंतकांचे व कवींचे, दुसरे सरकारी कचेऱ्यांचे. पहिल्याची चर्चा मासिकांतून व सभांतून होते. दुसरे दप्तरांत बांधून ठेवले जाते आणि तेथे त्यास वाळवी लागते. हा भेद आम्हांस मुळीच मान्य नाही. पुनर्वसनाची योजना ही देखील एक मानवी रचनाच होय. माणूस म्हणजे काय, त्याचे काय गेले आणि त्यास काय परत मिळावयास पाहिजे, याविषयीची निश्चित कल्पना तिच्या पोटात दडलेली असते. आणि ज्या कसोटीने आपण एखादे नाटक अथवा काव्य पारखतो त्याच कसोटीने ती पारखता येते. ज्यांचे आयुष्य ग्रंथ वाचण्यात व वाचविण्यात गेले, अशा आमच्यासारख्यांनी हे काम केवळ अभियंत्यांवर सोपवून स्वस्थ बसावे, हे ठीक नव्हे.

या विषयावरील पहिला प्रसिद्ध वाद युरोपात झाला. 1755 च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. देवळे उपासकांनी भरलेली असताना ती त्यांच्याच अंगावर कोसळली. यावर व्होल्तेअरने पुढील वर्षी एक काव्य प्रसिद्ध करून, हे जग सर्व शक्य जगांत उत्तम आहे असे म्हणणाऱ्यांस जाब विचारला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये रूसोने त्यास पत्र लिहिले. या पत्राचा पुष्कळसा भाग ईश्वराच्या न्यायाविषयी आहे आणि तो आज कोणी विशेष आस्थेने वाचील असे वाटत नाही. परंतु मध्येच रूसो एक साधी गोष्ट सांगून जातो: सहा-सात मजल्यांची हजारो घरे एकाच जागी निसर्गाने बांधली नव्हती, आणि पहिला धक्का बसल्यावर कित्येक लोक कोणी कपडे, कोणी कागद, कोणी पैसे काढावयास परत आत शिरले व मेले. ही दोन वाक्ये लिहिताना आपण एका नव्या शास्त्राचा पाया घालीत आहो, याची त्यास कल्पना नसावी. आपत्तीचा प्रश्न त्याने आकाशातून खाली ओढून घराच्या भिंतीपाशी आणला.

आपल्या देशातील असाच वाद 1934 सालचा. जानेवारीच्या 15 तारखेस बिहारमध्ये भूकंप झाला, आणि गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त असल्याचे सांगितले. रवींद्रनाथांनी त्याचा निषेध केला. सृष्टीच्या घडामोडींची नीतीशी अशी सांगड घालणे म्हणजे लोकांच्या अविचारास खतपाणी घालणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि हा निषेध गांधीजींनी आपल्याच 'हरिजन' पत्रात छापून त्यास उत्तर दिले. उभयपक्षी सौजन्य इतके की आजच्या वादपटूंनी त्याचा धडा घ्यावा. विवेकाच्या दृष्टीने रवींद्रनाथांचा पक्ष बळकट होता, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि गांधीजींच्या चुकलेल्या कार्यकारणभावाच्या मागे एक खरा प्रश्न उभा होता, तो या वादात बाजूस पडला. भूकंप अस्पृश्यतेमुळे होत नाही हे खरेच. पण भूकंपानंतर अन्न, पाणी व निवारा यांची वाटणी होते ती त्याच समाजाच्या हातून, ज्यात अस्पृश्यता आहे. पाप जमिनीच्या पोटात शोधण्याचे कारण नाही. ते वाटणीच्या यादीत सापडण्याचा संभव अधिक.

त्या यादीकडे वळण्यासाठी किल्लारीइतके बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. 1993 च्या सप्टेंबरच्या 30 तारखेस, पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी गणनेप्रमाणे जवळजवळ 8,000 माणसे मेली. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता. आदल्या वर्षी, 1992 साली, किल्लारीच्या परिसरास हादरे बसून गेले होते ते निराळेच. परंतु नकाशा एकदा छापला की त्यापुढे जमिनीची साक्ष कोण घेतो? तो नकाशा पुढे 2002 साली बदलण्यात आला.

माणसे मेली ती घरांखाली. या भागातील घर म्हणजे दगडांची जाड भिंत, मातीत रचलेली. तिचे आतील व बाहेरील अंग परस्परांस बांधणारा, आरपार जाणारा दगड बहुधा नसे. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती टाकावयाची, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते जड होत गेलेले. उन्हाळ्यात असे घर गुहेसारखे थंड असते आणि ते बांधणाऱ्यास मूर्ख म्हणणे हा शहरी उद्धटपणा होय. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतील लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला व त्याखालची माणसे वाचली, ही गोष्ट तर जुन्या सुतारांच्या शहाणपणाची ग्वाही देते. पण जेथे सांगाडा नव्हता अथवा कुजला होता, तेथे भिंत व माळवद एकदम खाली आले.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. गावकुसाबाहेर कुडाच्या भिंती व हलके छप्पर यांच्या झोपड्यांत राहणारे दरिद्री लोक, त्यांत दलित कुटुंबे पुष्कळ, तुलनेने अधिक वाचले. दगडी घरांत निजलेले अधिक मेले. महापूर आणि लव्हाळे यांचा तुकोबांचा दृष्टांत कोणा मराठी माणसास सांगावयास नको. तो येथे अक्षरशः खरा ठरला. मात्र दृष्टांत जेथे संपतो तेथून पुनर्वसनाचा आरंभ होतो. वाचलेल्या लव्हाळ्यास पूर ओसरल्यावर कोठे रुजू द्यावयाचे, हा प्रश्न संतांपुढे नव्हता. तो सरकारपुढे होता.

सरकारने जे केले त्याची व्याप्ती मोठी होती, आणि टीकाकाराने ती प्रथम कबूल केली पाहिजे. जागतिक बँकेचे कर्ज घेऊन व देशभरच्या संस्थांचे साहाय्य मिळवून 52 गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या जागेचा धसका घेतलेल्या गावकऱ्यांपैकी पुष्कळांची तशी इच्छाही होती. घरे फुकट मिळाली व भक्कम मिळाली. परंतु त्या घरांचे क्षेत्रफळ कसे ठरले? ज्याची जमीन मुळीच नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्यास 250 चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टर असणारास 400 चौरस फुटांचे. आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणारास 750 चौरस फुटांचे. आम्ही या तीन आकड्यांपाशी मुद्दाम थांबतो, कारण साऱ्या योजनेचे तत्त्वज्ञान त्यांत सामावले आहे.

250 चौरस फूट म्हणजे 25 फूट लांब व 10 फूट रुंद जागा. त्यात आठ माणसांचे भूमिहीन कुटुंब राहावयाचे. आणि तिप्पट जागेत कदाचित तिघांचे सधन कुटुंब. घरात माणसे किती, म्हातारी किती, लेकुरवाळ्या किती, हे त्या मोजपट्टीने विचारलेच नाही. तिने शेताचे क्षेत्र मोजले व त्यावरून निजावयाची जागा ठरविली.

याचे समर्थन होऊ शकते, आणि ते अगदीच टाकाऊ आहे असे नाही. मोठ्या शेतकऱ्याचे घर मोठे होते, त्याचे धान्य, औते, बैल अधिक. त्याचे नुकसानही अधिक झाले. तेव्हा त्यास अधिक मिळावे हा भरपाईचा न्याय होय, असे म्हणता येईल. पण हा न्याय देखील त्या योजनेने धडपणे पाळला नाही. जमीन हे गेलेल्या घराचे माप नव्हे, आणि जमीन तर भूकंपाने कोणाची नेली नव्हती. ज्याचे शेत शाबूत राहिले त्यास त्या शाबूत राहिलेल्या शेताबद्दलच मोठे घर मिळाले! ज्याच्यापाशी श्रमावाचून काही नव्हते त्याला सांगण्यात आले की तुझे काहीच नव्हते, तेव्हा तुला लहान घर पुरे. विषमता जुन्या गावातही होती. परंतु तेथे ती काळाच्या ओघात, कोणाच्या सहीवाचून वाढलेली होती. नव्या गावात तिचा नकाशा काढून तीवर शिक्का मारण्यात आला. कित्येक ठिकाणी एका मापाची घरे एका रांगेत बांधली गेल्यामुळे जुन्या गल्ल्या मोडल्या, शेजार तुटला, आणि गावात कोण कोणत्या प्रतीचा हे परक्या वाटसरूसही दुरून ओळखता येऊ लागले.

स्त्रियांविषयी तर बोलावयासच नको. घर ही जिची चोवीस तासांची कर्मभूमी, तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच असते. आणि हक्क सातबाऱ्यावरून ठरणार म्हटल्यावर तिचा हक्क नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा मुलाच्या वाटेनेच तिच्यापर्यंत यावयाचा. नव्या वसाहती जुन्या गावठाणाच्या कित्येक पट विस्तारल्या. रस्ते रुंद, घरे सुटी सुटी, शहराच्या उपनगरासारखी. गुरांच्या गोठ्याचा विचार झाला नाही, चुलीच्या धुराचा झाला नाही, दाराशी बसून डाळ निवडण्याच्या ओट्याचा झाला नाही. मग लोकांनी आपल्या हाताने पडव्या काढल्या, आणि कित्येकांनी त्या पुन्हा मातीत दगड रचूनच काढल्या. घर सुरक्षित का असते हे ज्यास कोणी समजावून दिले नाही, तो सुरक्षित घराला असुरक्षित भिंत जोडणार, यात नवल कसले?

येथे आम्हांस 1972 च्या दुष्काळाचे स्मरण होते, आणि ते अस्थानी नाही. त्या वेळी खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या व पाझर तलावांच्या कामांवर 1973 च्या मेमध्ये सुमारे 50 लाख माणसे होती. त्या कामांत हाल पुष्कळ होते. सुकडी व मिलो यांची चव ज्यांनी घेतली त्यांना ते विचारावे. पण त्यामागील तत्त्व स्वच्छ होते: जो कामावर येईल त्यास मजुरी. तुझी जमीन किती, हा प्रश्न नाही. तुला गरज आहे काय, हा प्रश्न. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्याच तत्त्वावर उभी राहिली व 1977 साली तिचा कायदा झाला. ज्या राज्याने गरजेची मोजपट्टी स्वतः घडविली होती, त्यानेच वीस वर्षांनी किल्लारीत मालकीची मोजपट्टी हाती घ्यावी, ही आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

त्याच योजनेच्या दुसऱ्या अंगाकडे मात्र टीकाकारांचे लक्ष कमी गेले. जी गावे हलविली नाहीत तेथील घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करावयाची होती. अशा घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. येथे पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती आला, बांधकाम त्याने स्वतः करवून घेतले, अभियंते सल्ल्यापुरते राहिले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतून संवाद साहाय्यक नेमल्या गेल्या. भिंतीस बंधाचा दगड कोठे घालावा, माळवदाची माती किती उतरवावी, हप्ता का अडला, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या. स्थलांतरित गावांतील फुकट घराची चावी ज्यास मिळाली तो उपकृत झाला. येथील स्त्री मात्र आपल्या घराची जाणकार झाली. दोहोंत अधिक टिकाऊ काय, हे वाचकांनीच ठरवावे.

अलीकडे 'समाजाची लवचिकता' असा शब्दप्रयोग अहवालांतून फार दिसतो. मराठीस तो अजून नीट सोसलेला नाही, पण आमचा आक्षेप व्याकरणाचा नव्हे. लवणे हा गुण एका वेताच्या छडीचा असू शकतो. गाव म्हणजे एक छडी नव्हे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपत्तीची व्याख्या करताना, बाधित क्षेत्रातील समाजाच्या सोसण्याच्या शक्तीपलीकडचे संकट, अशी खूण सांगितली आहे. कोणत्या समाजाची शक्ती? सात हेक्टरवाल्याची की त्याच्या शेतावर राबणाराची? एकाच रात्री, एकाच शिवारात, या दोन शक्ती सारख्या नसतात. त्याच कायद्याचे 61 वे कलम म्हणते की भरपाई व साहाय्य देताना लिंग, जात, समाज, वंश अथवा धर्म यांवरून भेदभाव होऊ नये. कलम उत्तम आहे. परंतु किल्लारीची यादी त्या कलमाखाली आज तपासावयास ठेवली, तर ती बहुधा निर्दोष सुटेल; कारण त्या पाच शब्दांत जमिनीचे नाव नाही.

2001 च्या 26 जानेवारीस कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील काही स्त्रिया तेथे गेल्या व ढिगाऱ्यांपाशी बसून तेथील स्त्रियांशी घरबांधणीविषयी बोलल्या. एकीची भाषा मराठी, दुसरीची कच्छी. भिंत कशी पडते व पुन्हा कशी उभी करावयाची, हा विषय दोघींच्याही परिचयाचा होता.