डर्बरव्हिल आणि डर्बीफील्ड

टॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही कादंबरी १८९१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. पोटमथळ्यांत हार्डीनें नायिकेला 'शुद्ध स्त्री' म्हटल्यामुळें तिच्यावरील चर्चा बहुधा टेसच्या शीलापाशींच थांबते. परंतु या अनर्थाचें मूळ एका आडनांवांत आहे, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हें आडनांव केवळ कल्पनेंतून निघालेलें नाहीं. डॉर्सेट परगण्यांत बिअर रीजिस येथें टर्बरव्हिल नांवाचें जुनें सरदारघराणें होतें. तेथील चर्चमध्यें त्यांचीं थडगीं आजहि आहेत. नांवाच्या अखेरचा फ्रेंच 'व्हिल' हा लॅटिन 'व्हिला'पासून, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाड्यापासून, आला. १०६६ सालीं विल्यमबरोबर इंग्लंडांत उतरलेल्या नॉर्मन सरदारांनीं आपल्या मूळ गांवांचीं अशीं नांवें तेथें नेलीं. उलट 'फील्ड' हा अस्सल सॅक्सन शब्द. त्याचा अर्थ मोकळें रान, शेत. म्हणून डर्बरव्हिलचें डर्बीफील्ड होणें हा नुसता खेडवळ अपभ्रंश नव्हे. मालकीच्या वाड्यांतून दुसऱ्याच्या शेतांत आलेल्या कुळाची ती हकीकत आहे.

हार्डीचा उपरोध याहून खोल जातो. ज्याच्या अंगांत जुनें रक्त, तो जॉन डर्बीफील्ड एक दरिद्री फेरीवाला. ज्याच्या दारावर शुद्ध नांव, त्या ॲलेकचा बाप सायमन स्टोक हा उत्तरेकडील पैसेवाला. त्यानें ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून नामशेष घराण्यांच्या ग्रंथांतून तें नांव उचललें! पाद्री ट्रिंगहॅम जॉनला सहज 'सर जॉन' म्हणतो. त्या कैफांत जॉन दारू पितो, मधमाश्यांच्या पोळ्यांची गाडी रात्रीं टेसला न्यावी लागते, घोडा मरतो, आणि मुलगी या खोट्या आप्तांच्या दारीं जाते.

येथवर सर्व निर्दोष आहे. परंतु ज्या कुलाभिमानाची थट्टा केली, त्याचाच आधार हार्डी पुढें घेतो, हें आम्हांस खटकतें. ॲलेकच्या खुनानंतर एंजल क्लेअर कारण शोधतो तें डर्बरव्हिलांच्या रक्तांत. तें त्या पोथीनिष्ठ सुधारकास शोभतेंहि. पण टेस ॲलेकच्या तोंडावर हातमोजा मारते, तेव्हां तिच्या शस्त्रधारी पूर्वजांची आठवण, कल्पना म्हणून कां होईना, खुद्द लेखकच करून देतो. त्या प्रहारास पूर्वजांची काय गरज? ॲलेकनें केलेला अन्याय पुरेसा नव्हता काय?

या प्रश्नाचें उत्तर हार्डीच्याच पुस्तकांत आहे. जॉन मरतांच घराची मुदत संपते आणि कुटुंब रस्त्यावर येतें. तेव्हां टेसची आई चर्चच्या भिंतीशीं, डर्बरव्हिलांच्या खिडकीखालीं, बिछाना मांडते. कारण पूर्वजांचें तळघर तरी आपल्या मालकीचें, असें तिला वाटतें. आंत थडग्यांवर तेंच नांव कोरलेलें, आणि बाहेर मुलें उघड्यावर! त्या नांवाची खरी किंमत हार्डीनें येथें चोख सांगितली आहे. रक्ताचा पुरावा त्यानें जोडला नसता, तर बरें झालें असतें.