डलिच गॅलरी : गिऱ्हाईक गेलं, चित्रं राहिली

लंडनच्या दक्षिण भागातली डलिच पिक्चर गॅलरी १८१७ साली लोकांसाठी उघडली. तिला ‘जगातलं पहिलं सार्वजनिक चित्रसंग्रहालय’ म्हणून टाकायची अनेकांना सवय आहे. मला ते पटत नाही. जर्मनीत कासेलचं फ्रिडेरिसिआनुम १७७९ सालचं, आणि तेही मुद्दाम संग्रहालयासाठीच बांधलेलं. इंग्लंडपुरतं पहिलं म्हणा, तेवढं पुरे. लंडनची नॅशनल गॅलरीसुद्धा १८२४ची.

या संग्रहाचा खरा इतिहास इमारतीच्या आधीचा आहे. १७९० साली पोलंडचा राजा स्टानिस्लाव ऑगस्ट याने नोएल देसाँफाँ आणि फ्रान्सिस बुर्झ्वा या लंडनच्या दोघा चित्रव्यापाऱ्यांना आपल्या देशासाठी संग्रह जमवायला सांगितलं. पाच वर्षं खरेदी चालली. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने उरलंसुरलं पोलंड वाटून घेतलं, राजाला गादी सोडावी लागली, आणि हे दोघे चित्रं घेऊन बसले. एकगठ्ठा घेणारा कुणी मिळेना. बुर्झ्वाची ‘सर’ ही पदवीसुद्धा त्याच राजाने दिलेली, म्हणजे पदवी टिकली, राज्य नाही. १८०७ साली देसाँफाँ गेला. १८११ साली बुर्झ्वाने मरताना संग्रह डलिच कॉलेजला दिला, आणि इमारत जॉन सोननेच बांधावी असं सुचवलं.

सोनची इमारत मात्र खरोखर शिकण्यासारखी. सेक्शन ड्रॉइंग पाहिलं की लक्षात येतं: दालनांच्या भिंतींना खिडक्याच नाहीत, उजेड छतावरच्या काचेच्या मनोऱ्यांतून येतो. त्यामुळे सगळी भिंत चित्रांना मोकळी मिळते, आणि समोरच्या खिडकीची चकाकी डोळ्यांत जात नाही. बाहेरून साध्या विटा, खर्च बेताचा. (आमच्या धंद्यात याला नीट सोडवलेलं गणित म्हणतात.) पण दालनांच्या शेजारीच देसाँफाँ, त्याची बायको मार्गारेट आणि बुर्झ्वा यांचं समाधिगृह आहे, पिवळसर काचांच्या उजेडातलं. कौतुक करणारे इथे हळवे होतात. मला ते देणगीदारांनी स्वतःसाठी राखलेली सगळ्यात चांगली जागा वाटते. मार्गारेटचा मान मात्र खरा. नवरा आणि बुर्झ्वा गेल्यावर गॅलरीच्या कामाला तिनेही पैसे दिले.

रेम्ब्रांटचं १६३२चं याकोब द खेन याचं व्यक्तिचित्र इथलंच. जेमतेम ३० बाय २५ सेंटिमीटरचं, काखेत मावेल असं. म्हणूनच १९६६ ते १९८३ दरम्यान चारदा चोरीला गेलं आणि प्रत्येक वेळी परत मिळालं.

आपल्या वडोद्याच्या कमाटीबागेतली पिक्चर गॅलरीही राजकारणात अडकली होती. इमारत १९१४ला तयार, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ला उघडली. फरक इतकाच, की सयाजीराव महाराजांचं राज्य जागेवर होतं आणि चित्रं ज्याच्यासाठी घेतली त्याच्याकडेच आली. वॉर्सोला तेवढं नशीब लाभलं नाही. डलिचबद्दल लिहिताना सोनच्या उजेडाला पानंच्या पानं देतात आणि पोलंडला दोन ओळी. माप उलटं करून पाहायला हवं.