आयकॉनमागची टेकडी

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी बाजारात आली आणि तिच्याबरोबर एक टेकडी बँकांत, सायबर कॅफेंत, सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसली. वर निळं आभाळ, खाली हिरवीगार उतरण, बाकी काही नाही. 'ब्लिस' हे त्या चित्राचं नाव, पण आपल्याकडे 'ते हिरव्या डोंगराचं' एवढं म्हटलं तरी पुरायचं. पुढच्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली. नसरापूर, भोर, वेल्हे भागातली पोरं चपला दाराबाहेर काढून ज्या पडद्यांसमोर बसली, त्यांवर बहुधा हीच टेकडी असायची. आणि कोर्समध्ये सगळ्यांत आधी हाताला लागलेली करामत कोणती? ती टेकडी काढून तिथं गणपती, शिवाजी महाराज नाहीतर आवडता हिरो बसवणं. सर फळ्याकडे वळले की तेवढ्यात उरकायचं काम.

रोज समोर असल्यामुळेच की काय, चित्र नीट पाहायचं राहून गेलं. त्यात माणूस नाही, वाट नाही, घर नाही, झाड नाही, विजेचा खांबही नाही. टेकडीची कड हलकं वळण घेत जाते, मागे दूरवर निळसर डोंगरांची पुसट रेघ दिसते. गवतावर ढगांच्या सावल्यांचे पट्टे आहेत, पिवळ्या फुलांचे बारीक ठिपके आहेत. नजर कुठेच अडत नाही. एरवी छायाचित्राला एक केंद्र लागतं. इथं ते नाही, आणि वॉलपेपर म्हणून हेच त्याचं बळ. कारण या चित्रावर दुसरं काहीतरी बसणार आहे. एक्सपी नवी टाकली की पडद्यावर उजवीकडे खाली एकटा रीसायकल बिन असायचा, थेट हिरवळीवर. मग डावीकडून आयकॉनची रांग उतरू लागायची. त्यांची पांढरी अक्षरं निळ्यावरही वाचता यायची, हिरव्यावरही. खालची पट्टी निळी, स्टार्टचं बटण हिरवं, म्हणजे आभाळ आणि गवत हे दोनच रंग पडद्याच्या काठापर्यंत पोचलेले. चित्र आणि चौकट यांची इतकी जुळणी क्वचितच पाहायला मिळते.

हे रंग संगणकावर चढवलेले आहेत, असं अनेकांना वाटायचं. पण फोटो खराखुरा आहे. नॅशनल जिऑग्राफिकसाठी काम केलेले चार्ल्स ओ'रिअर १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातून गाडीने चालले होते. नुकताच पाऊस होऊन गेलेला. त्यांनी गाडी थांबवली आणि मामियाच्या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यात, फुजीच्या वेल्व्हिया फिल्मवर ती टेकडी टिपली. निळे-हिरवे रंग गडद उतरवण्यासाठी ही फिल्म प्रसिद्धच होती. पुढे मायक्रोसॉफ्टने या चित्राचे हक्क विकत घेतले.

टेकडी इतकी मोकळी का, याचं उत्तर मात्र प्रसन्न नाही. तो द्राक्षांचा मुलूख. नव्वदच्या दशकात तिथल्या वेलींच्या मुळांना फायलोक्सेरा नावाची कीड लागली आणि बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. या टेकडीवरचे वेलही काढले गेले होते, म्हणून तिथं गवत माजलं. नंतर तिथं पुन्हा द्राक्षं लागली आणि त्याच जागी उभं राहून काढलेल्या फोटोंत वेलींच्या ओळी दिसू लागल्या. म्हणजे जगभर पोचलेली ती शांतता दोन बागांच्या मधली होती. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे चित्र पाहून कदाचित वेगळंच काही जाणवेल.

नसरापूरच्या माणसाला हा हिरवेपणा परका वाटायचं कारण नाही. इथून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे निघालं की श्रावणात दोन्ही अंगांना अशाच उतरणी लागतात; खाली भाताची खाचरं, वर नुसतं गवत, आणि भाद्रपदाच्या सुमारास त्यात सोनकीचा पिवळा शिडकावा. फरक ऋतूचा. सोनोमात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून तिथं जानेवारी हिरवा. आपल्याकडे तो मान आषाढ-श्रावणाचा. फाल्गुनात आपले डोंगर पिंगट होतात, तिकडचे उन्हाळ्यात. दोन्हीकडचा हिरवा रंग मुदतीचाच.

मग आपल्या मुलखाचा फोटो का लावू नये? जरूर लावावा, आणि ते आता फारच सोपं झालंय. फोटोच्या फाइलवर माऊसचं उजवं बटण दाबा, 'सेट अॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड' निवडा, झालं. मोकळ्या पडद्यावर उजवी टिचकी देऊन 'पर्सनलाइज' मध्ये गेलात तर अख्खं फोल्डर स्लाइडशोला लावता येतं. मग 'नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड' म्हटलं की पुढचं चित्र हजर. उघडलेल्या खिडक्या बाजूला सारून ते पाहायचं असेल तर विंडोजची कळ आणि डी.

पण लावणं सोपं झालं तरी शोभणं सोपं झालेलं नाही. बनेश्वरचंच घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं ते देऊळ झाडीत उभं आहे आणि शिखरावर कळस आहे. फोन उभा धरून फोटो छान येतो. तोच संगणकावर चढवला की पंचाईत होते. 'फिल' निवडलं तर पडदा भरतो, पण वरचा कळस आणि खालच्या पायऱ्या कापल्या जातात. 'फिट' केलं तर देऊळ पूर्ण दिसतं, पण दोन्ही बाजूंना मोकळ्या पट्ट्या राहतात. 'स्ट्रेच'मध्ये शिखर बसकं होतं, 'टाइल'मध्ये छोटा फोटो घेतला तर एकाची दहा देवळं. शिवाय शिखराच्या नक्षीवर एक्सेलच्या फाइलचं नाव येऊन बसतं आणि धड ना नक्षी दिसत, ना नाव वाचता येत. देऊळ नजर मागतं, आणि काम करणाऱ्या माणसाकडे ती द्यायला नसते.

'ब्लिस'ने ती कधी मागितली नाही. दोन खिडक्यांच्या मधल्या फटीत ती निमिषभर दिसायची आणि तेवढ्यात पुरी व्हायची. मंद गतीच्या मशीनवर तर फाइल उघडेपर्यंत तीच सोबतीला. शांतरसाची रचना म्हणून तिची थोरवी यातच आहे, की दहा आयकॉन आणि चार अर्धवट कामं अंगावर घेऊनही ती बिघडत नाही. बनेश्वरचा फोटो फोनवर ठेवावा, तो पडदा उभाच असतो. संगणकासाठी मार्गासनीच्या रस्त्यावर थांबून, फोन आडवा धरून, गड नाही, देऊळ नाही अशी एखादी निनावी उतरण टिपावी, आणि वर आभाळ भरपूर सोडावं.